थकलेल्या घोड्याचा हिशेब

फेब्रुवारी १८६५ मध्ये पॅरिसच्या ग्रँड हॉटेलात एक मोठी मेजवानी झाली. शंभरावर पाहुणे होते. त्यांत डॉक्टर होते, पशुवैद्य होते, प्राध्यापक आणि पत्रकारही होते. सुपापासून भाजलेल्या मांसापर्यंत बहुतेक पदार्थ घोड्याच्या मांसाचे होते, आणि हे पाहुण्यांना आधीच ठाऊक होते. आपल्यापैकी बहुतेकांना हे वाचूनच शिसारी येईल. तेव्हाच्या फ्रेंच माणसालाही ती येत असे. चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. या मेजवानीचा खटाटोप करणाऱ्यांमध्ये प्राणिसंरक्षण संस्थेचे सभासद होते. घोड्याचे हाल थांबवायचे असतील तर घोडा खाल्ला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतर १४२ वर्षांनी, म्हणजे २००७ साली, अमेरिकेतला घोड्यांचा शेवटचा कत्तलखाना बंद पडला. तो बंद पाडणारेही प्राणिमित्रच होते आणि त्यांचाही हेतू घोड्याचे हाल थांबावेत हाच होता. हेतू एक आणि धोरणे मात्र एकमेकांच्या उलट. अशा वेळी कोणाचे मन अधिक कोवळे होते हे विचारून काही हाती लागत नाही. प्रत्यक्षात घोड्याचे काय झाले, ते पाहावे लागते.

त्याआधी घोड्याबद्दल थोडेसे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. गाडी ओढण्याच्या कामाला तो इतकी वर्षे टिकत नाही. दगडी रस्त्यावर धावून पाय आणि खूर जातात, गुडघे धरतात. तो गाय-बैलांसारखा रवंथ करत नाही. चाऱ्यातल्या तंतूंचे पचन त्याच्या मोठ्या आतड्यात, जठर आणि लहान आतडे ओलांडून गेल्यावर होते. त्यामुळे निकस चाऱ्यातून बैल जेवढे सत्त्व काढून घेतो तेवढे घोड्याला काढता येत नाही. त्याला जास्त खावे लागते आणि दिवसाचा बराचसा वेळ खातच राहावे लागते. म्हातारपणी दाढा झिजल्या की तेही जमत नाही. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो असे धरा. वर्षाला साडेतीन टनांहून अधिक झाला. काम थांबल्यावर घोडा दहा वर्षे जगला तर छत्तीस टन. हा चारा कोणी घालायचा? खेड्यात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. बैलाच्या बाबतीत त्याने तो जवळून पाहिलेला असतो.

एकोणिसाव्या शतकातले पॅरिस घोड्यांवर चालत होते. भाड्याच्या गाड्या, बस, मालगाड्या, लष्कर, सगळे काही घोड्यांवर. घोडा थकला की पहिला मालक त्याला स्वस्तात विकी, दुसरा आणखी स्वस्तात. अशा पायऱ्या उतरत शेवटी तो अशा माणसाच्या हाती पडे, ज्याला त्याच्याकडून उरलीसुरली ताकद पिळून घ्यायची असे. शेवटचा मुक्काम शहराच्या कडेला माँफोकाँ इथल्या घोडे फाडण्याच्या वाड्यांत. तिथे कातडे, शेपटीचे व आयाळीचे केस, खूर, हाडे आणि चरबी वेगळी काढली जाई. हाडांचा कोळसा साखर शुद्ध करायला लागे. मांसावर अळ्या वाढवून त्या मासे पकडणाऱ्यांना विकत. उंदीर तर इतके, की त्यांच्याविषयी दंतकथा झाल्या होत्या. पॅरिसच्या गटारांचा अभ्यास करून नाव मिळवलेले डॉक्टर पारां-द्युशातले यांनी या वाड्यांचीही पाहणी केली होती. मारायला आणलेल्या घोड्याला खायला घालणे हा मालकाच्या दृष्टीने निव्वळ तोटा होता, हे वेगळे सांगायला नको.

मांस मात्र माणसाने खायचे नाही. याला जुना इतिहास आहे. इ.स. ७३२ च्या सुमारास पोप तिसरे ग्रेगरी यांनी जर्मन प्रदेशात धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेस यांना पत्र पाठवून घोडा खाण्याची चाल मोडून काढायला सांगितले होते. अठराव्या शतकात पॅरिसच्या पोलिसांनी घोड्याचे मांस विकण्याविरुद्ध पुन्हा पुन्हा हुकूम काढले. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागतात तेव्हा तो पाळला जात नसतो, हे शाळेत सूचना लावणाऱ्या कोणालाही पटेल. गरीब लोक चोरून खातच होते. नेपोलियनचे शल्यचिकित्सक लारे यांनी तर मोहिमांवर जखमी सैनिकांना घोड्याच्या मांसाचे सूप पाजले होते. १८०९ मध्ये डॅन्यूब नदीतल्या लोबाऊ बेटावर सैन्य अडकले, तेव्हा घोडेस्वारांच्या छातीवरची चिलखते भांडी म्हणून वापरून त्यांनी ते शिजवून घेतले.

२ जुलै १८५० रोजी फ्रान्समध्ये ग्रामाँ कायदा झाला. पाळीव प्राण्याला चारचौघांत विनाकारण छळले तर ५ ते १५ फ्रँक दंड किंवा १ ते ५ दिवस कैद. कायद्यातला ‘चारचौघांत’ हा शब्द लक्षात घ्यावा. रस्त्यावर चाबूक ओढणारा गाडीवान त्यात सापडत होता. वाड्याच्या भिंतीआड उपाशी उभा असलेला घोडा कायद्याच्या नजरेत येतच नव्हता.

इथे एका प्राणिशास्त्रज्ञाने प्रश्नाला हात घातला. इझिदोर जॉफ्रुआ सेंत-इलेर हे पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले प्राध्यापक. १८५६ साली त्यांनी घोड्याच्या मांसावर पत्ररूपाने एक पुस्तक लिहिले. लाखो फ्रेंच लोकांना मांस मिळत नाही आणि त्याच वेळी दर महिन्याला लाखो किलो चांगले मांस वाया जाते, हा त्यांचा मुद्दा. आदल्या वर्षी आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेत एक प्रयोगही झाला होता. पाय लुळे पडलेला २३ वर्षांचा घोडा मारून त्याचे आणि गोमांसाचे पदार्थ शेजारी शेजारी ठेवले. चाखणाऱ्यांनी घोड्याच्या सुपाला अधिक पसंती दिली. (कोणते ताट कशाचे हे चाखणाऱ्यांपासून लपवले असते तर प्रयोग अधिक भक्कम झाला असता; पण तशी पद्धत तेव्हा रुळायची होती.)

सेंत-इलेर १८६१ मध्ये वारले आणि काम एमिल देक्रुआ या लष्करी पशुवैद्याने पुढे नेले. देक्रुआ हा विलक्षण हट्टी माणूस. घोड्याचे मांस अपायकारक असते असे लोक म्हणत, म्हणून आजारी जनावरांचे मांससुद्धा त्यांनी स्वतः खाऊन दाखवले. पुढे तंबाखूविरोधी चळवळीतही ते असेच हिरिरीने पडले. त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राचा होता. म्हाताऱ्या घोड्याला किंमत नाही म्हणून त्याला मरेपर्यंत राबवतात. त्याच्या मांसाला किंमत आली, की मालक त्याला हाडांचा सापळा होऊ देणार नाही. थोडा आधी, थोडा धष्टपुष्ट असतानाच विकेल. म्हणजे शेवटची, सर्वांत हालाची दोन-तीन वर्षे गळून पडतील.

जून १८६६ मध्ये पॅरिसच्या पोलिसप्रमुखांचा आदेश निघाला. घोडा ठरावीक कत्तलखान्यातच मारायचा, पशुवैद्याने तपासायचा आणि दुकानावर घोड्याचे मांस असल्याची पाटी ठळक लावायची. ९ जुलैला प्लास दितालीजवळ पहिले दुकान उघडले. सुरुवातीची काही वर्षे खप बेताचाच होता, वर्षाला दोन-अडीच हजार घोड्यांचा. मग प्रशियाच्या सैन्याने शहराला वेढा घातला. सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ या महिन्यांत पॅरिसने पासष्ट ते सत्तर हजार घोडे खाल्ले. प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्तीही त्या वेढ्यात खाटकाकडे गेले. जे काम मेजवान्यांनी झाले नाही ते उपासमारीने केले. पुढे शंभर वर्षे सोनेरी घोड्याच्या तोंडाची पाटी फ्रेंच बाजारपेठेतली नेहमीची वस्तू होऊन राहिली.

देक्रुआंचा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. किंमत आली की शेवटचे हाल कमी होतील हे अनुमान होते, आणि एक गोष्ट त्यात धरलेलीच नव्हती. मांसाला बाजार मिळाला की जनावर त्यासाठी दूरदूरहून आणले जाते. विसाव्या शतकात ट्रॅक्टर आले, युरोपातले कामाचे घोडे झपाट्याने कमी झाले. ब्रेतों, कोंत्वा यांसारख्या ओझ्याच्या घोड्यांच्या जाती फ्रान्समध्ये टिकल्या त्या बऱ्याच अंशी मांसासाठी पाळल्या गेल्यामुळे. तेवढ्याने भागेना, तेव्हा मांस बाहेरून येऊ लागले. ते पाठवणाऱ्या देशांपैकी एक होता अमेरिका. तिथे घोडा जवळजवळ कोणी खात नाही, पण घोडे मुबलक. अशा रीतीने पॅरिसची पाटी आणि टेक्सासमधला कत्तलखाना एकमेकांना जोडले गेले.

अमेरिकेत या विषयाला तोंड फुटले ते मस्टँग या रानटी घोड्यांवरून. १९२० च्या दशकापासून त्यांना पकडून कुत्र्यांचे डबाबंद खाद्य बनवले जात होते. १९५० साली नेवाडा राज्यात रीनो गावाजवळ व्हेल्मा जॉन्स्टन या विमा कचेरीतल्या सेक्रेटरी बाईंना एका ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसले. ट्रकच्या मागे जाऊन पाहिले तर आत कत्तलीला निघालेले जखमी मस्टँग होते. विमाने आणि मोटारींनी पाठलाग करून त्यांना पकडलेले होते. लहानपणी पोलिओ झालेल्या या बाईंनी पुढची वीस वर्षे हाच ध्यास घेतला. १९५९ मध्ये विमाने आणि मोटारी वापरून रानटी घोडे पकडण्यावर बंदी आली. १९७१ मध्ये रानटी घोडे व गाढवांना सार्वजनिक जमिनीवर संरक्षण देणारा कायदा एकमताने झाला. संसदेकडे या कायद्यासाठी आलेल्या पत्रांत शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस होता. मुलांनी लिहिलेल्या पत्रांमुळे झालेला कायदा म्हणून शिक्षकांनी तो वर्गात जरूर सांगावा. मात्र पुढे काय झाले तेही सांगावे.

पाळीव घोड्यांचा प्रश्न वेगळा होता. १९९० मध्ये अमेरिकेत तीन लाखांहून अधिक घोडे कत्तलखान्यात गेले. २००६ पर्यंत हा आकडा १ लाख ५ हजारांवर आला. टेक्सासमध्ये दोन आणि इलिनॉयमध्ये एक, असे तीनच कत्तलखाने उरले होते. मांस युरोपात आणि जपानला जाई. थेट बंदीचा कायदा संसदेत मंजूर होईना, तेव्हा प्राणिमित्रांनी आडवाट काढली. कत्तलखान्यातल्या सरकारी तपासणीवर पैसा खर्च करता येणार नाही, अशी अट २००५ च्या अखेरीस खर्चाच्या कायद्यात घातली गेली. तपासणी नाही तर मांसावर शिक्का नाही, शिक्का नाही तर विक्री नाही. टेक्सासमध्ये १९४९ चा एक जुना कायदाही उकरून काढला गेला. २००७ मध्ये तिन्ही कत्तलखाने बंद झाले.

चार वर्षांनी, जून २०११ मध्ये, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या बंदीचा हिशेब मांडला. वरिष्ठ वर्गातल्या मुलांना आकडे कसे वाचावेत हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. २००६ मध्ये देशात मारले गेलेले घोडे सुमारे १,०५,०००. त्याच वर्षी कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिकोला पाठवलेले सुमारे ३३,०००. बेरीज १,३८,०००. २०१० मध्ये देशात मारलेले शून्य आणि बाहेर पाठवलेले सुमारे १,३८,०००. नुसता पहिला आकडा पाहिला तर बंदी पूर्ण यशस्वी. बेरीज पाहिली तर एकही घोडा वाचलेला नाही. कॅनडाकडे जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी वाढले होते, मेक्सिकोकडे जाणारे ६६० टक्क्यांनी. प्रत्येक घोड्याचा शेवटचा प्रवास लांबला आणि मेक्सिकोच्या हद्दीत शिरल्यावर त्याच्यावर अमेरिकी नियम चालेनासे झाले.

आणखी एक विपरीत गोष्ट घडली. कत्तलीला नेल्या जाणाऱ्या घोड्यांच्या वाहतुकीसाठी अमेरिकेत २००१ पासून चांगले नियम होते. गाडीत चढवण्याआधी सहा तास चारा, पाणी व विश्रांती द्यायची. पुढे २८ तासांच्या आत उतरवून पुन्हा चारापाणी द्यायचे. घोड्यांसोबत मालकाचे प्रमाणपत्र असे आणि ते कत्तलखान्यात पोचल्यावर तपासले जाई. आता कत्तलखाना परदेशात, त्यामुळे प्रमाणपत्रे परत येईनात. नियम जागेवर राहिला, तो पाळला गेला का हे पाहणारा डोळा गेला.

याच अहवालातला एक आकडा मात्र जपून वापरायला हवा. कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीचे तपास २००५ मध्ये ९७५ होते, २००९ मध्ये १,५८८ झाले. वाढ साठ टक्क्यांहून जास्त. कत्तलखाने हवेत म्हणणारे हा आकडा नेहमी पुढे करतात. पण २००८ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली होती. नोकरी गेलेल्या माणसाला घोडा पोसणे जड गेले असणार. दोन कारणे एकाच वेळी घडली की परिणाम कोणाच्या खात्यावर टाकायचा? प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी एक कारण स्थिर ठेवून दुसरे बदलतो. इतिहासात ती सोय नसते. अहवालानेही मंदीचा वाटा मान्य केला होता. स्वस्त घोड्यांच्या किमती ८ ते २१ टक्क्यांनी पडल्या, त्या मात्र मंदी वगैरे बाजूला काढून बंदीमुळेच, असे त्यांचे गणित होते. त्यांनी संसदेपुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर तपासणी पुन्हा सुरू करा, नाही तर कत्तलीसाठी घोडा बाहेर नेण्यावरही बंदी घाला. पहिली वाट नोव्हेंबर २०११ मध्ये धरली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये सोडून दिली गेली. मधल्या काळात एकही कत्तलखाना सुरू झाला नाही. दुसऱ्या वाटेसाठी विधेयके अनेकदा आली, कायदा झाला नाही. बाहेर जाणाऱ्या घोड्यांची संख्या पुढे कमी झाली खरी, पण त्यात युरोपचा मोठा हात होता. संधिवाताच्या घोड्यांना सर्रास दिले जाणारे फेनिलब्युटाझोन हे औषध माणसाच्या रक्तपेशींना घातक ठरू शकते, आणि कोणत्या घोड्याला ते दिले होते याची खात्रीची नोंद मिळेना. त्यामुळे युरोपीय संघाने २०१५ च्या सुरुवातीपासून मेक्सिकोतले घोड्याचे मांस घेणे थांबवले. घोड्याविषयीची कणव जिथे थकली तिथे गिऱ्हाइकाची भीती कामाला आली.

आपल्याकडे घोडा खाल्ला जात नाही, तरी प्रश्नाचा अर्धा भाग आपलाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शहरातल्या हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली, तेव्हा चालकांबरोबर घोड्यांच्याही पुनर्वसनाची योजना करायला शासनाला सांगितले. अमेरिकेच्या बंदीत नेमके हेच कलम नव्हते. तबेल्यातून सुटलेला घोडा कुठल्या दावणीला गेला याची यादी ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे, पण धोरण खरे ठरले की खोटे हे त्या यादीवरूनच कळते.

आता मस्टँगांकडे परत वळू. कायदा झाला तेव्हा रानटी घोडे आणि गाढवे मिळून पंचवीस हजारांच्या आसपास होती. त्यांना खाणारे मोठे शिकारी प्राणी तिथे फारसे उरलेले नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अभ्यासगटाने घोड्यांच्या वाढीचा वेग वर्षाला १५ ते २० टक्के सांगितला. फळ्यावर मांडून पाहा. २० टक्के वेगाने पंचवीस हजारांचे चार वर्षांत सुमारे बावन्न हजार होतात, आठ वर्षांत एक लाखाच्या वर. जमीन खात्याच्या मते ही माळराने साधारण सत्तावीस हजार जनावरे पोसू शकतात. (त्याच माळांवर गाई-गुरांना चराईचे परवाने दिलेले आहेत, आणि सत्तावीस हजार हा आकडा गुरांच्या सोयीने काढला आहे, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही.) जास्तीची जनावरे पकडून आणायची, दत्तक द्यायची, आणि कोणी न नेलेली मरेपर्यंत सरकारने पोसायची, असा क्रम पडला. २०२० मध्ये माळावर पंचाण्णव हजारांच्या आसपास जनावरे होती. नंतरच्या वर्षांत ती कमी झाली, पण सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत साठ हजारांहून अधिक साठली. खात्याच्या या कामावरच्या खर्चाचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्यांच्या पोटात जाऊ लागला.

यातून सुटण्याचा एक मार्ग जीवशास्त्राने दाखवला आहे. सस्तन प्राण्याच्या अंडपेशीभोवती प्रथिनांचे एक पारदर्शक आवरण असते. डुकराच्या अंडपेशीवरचे हे आवरण काढून त्याची लस घोडीला टोचली, की घोडीच्या शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती तिच्या स्वतःच्या अंडपेशीच्या आवरणालाही चिकटतात आणि शुक्रपेशीला तिथे जागा मिळत नाही. संप्रेरकांचा खेळ बिघडत नाही, घोडी कळपात राहते. जे कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅसाटीग बेटावर ही लस बंदुकीच्या बाणाने टोचून पाहिली. एका बेटावर, प्रत्येक घोडी ओळखीची असताना ती छान चालली. नेवाडाच्या उघड्या माळांवर तीच घोडी दरवर्षी शोधून टोचायची म्हणजे फार अवघड काम, म्हणून तिथे लसीचा वापर आजही अपुरा आहे.

अ‍ॅसाटीगवर एक न योजलेली गोष्ट मात्र दिसली. लस न टोचलेल्या घोड्या सरासरी साडेसहा वर्षांच्या आसपास मरत. तीन वर्षे किंवा अधिक काळ लस मिळालेल्या घोड्या सुमारे वीस वर्षांपर्यंत जगल्या. दरवर्षीचे गाभणपण आणि दूध पाजणे टळल्याने त्या धडधाकट राहिल्या. त्यामुळे कळपाची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच सावकाश उतरली, आणि त्या बेटावर पूर्वी क्वचितच दिसणाऱ्या पंचविशी ओलांडलेल्या म्हाताऱ्या घोड्या चरताना दिसू लागल्या.